मदत हवी आहे: खाणीवर धूळ कमी करायला सरकारी अनुदान मिळतं का? (तातडीचं)

गोणीवाला | ८ एप्रिल २०२५, सकाळी १०:४२
सरळ प्रश्न आहे. खाण कामगारांच्या आरोग्य-सुरक्षेसाठी सरकार अनुदान देतं असं सगळे म्हणतात. योजना कुठली आणि अर्ज कुठे करायचा, एवढंच सांगा. धूळ ओढणारी यंत्रणा बसवायची आहे, साडेअकरा लाखांचं कोटेशन आलंय. डीएमएफमध्ये (जिल्हा खनिज प्रतिष्ठानात) पैसे पडून असतात म्हणून अर्ज केला, तर दोन महिन्यांनी "योजनेत बसत नाही" एवढ्या शेऱ्यावर परत आला. पावसाच्या आत काम उरकायचं आहे. मास्क द्या वगैरे सल्ले नकोत, मास्क दिलेले आहेत.

रॉयल्टीची_पावती | ८ एप्रिल, ११:०५
खनिज कुठलं? जिल्हा कुठला? तुम्ही पट्टेदार की ठेकेदार? धूळ कुठली, ड्रिलिंगची, क्रशरची की चाळणीची? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

खडीसम्राट | ८ एप्रिल, ११:२०
उद्यम नोंदणी असेल तर केंद्राची झेड (झिरो डिफेक्ट, झिरो इफेक्ट प्रमाणपत्राची) योजना घ्या. सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के, लघुला ६०, मध्यमला ५०. डोळे झाकून अर्ज करा.

रॉयल्टीची_पावती | ८ एप्रिल, ११:३१
डोळे उघडून करा. ते ८० टक्के प्रमाणपत्राच्या फीवर आहेत, यंत्रावर नाहीत. ब्राँझची फी १० हजार, सिल्व्हरची ४०, गोल्डची ९०. म्हणजे ब्राँझला हातात ८ हजार. शिवाय ती योजना उत्पादक उद्योगांसाठी आहे, नुसती खाण त्यात कशी बसवणार?

खडीसम्राट | ८ एप्रिल, ११:४०
हँडहोल्डिंगला (सल्ला-मार्गदर्शनाला) ५ लाखांपर्यंत मदत आहे, ते नाही सांगितलंत. अर्धवट माहिती देऊ नका.

गोणीवाला | ८ एप्रिल, दुपारी १:१५
सिलिका वाळू. सिंधुदुर्ग, कणकवली तालुका. पट्टा आमच्याच फर्मचा, मी साईट बघतो. धूळ पोती भरताना. धुऊन वाळवलेली वाळू चाळून गोण्यांत भरतो. फाउंड्रीला कोरडीच लागते, त्यामुळे पाणी मारा सांगू नका. आता तरी योजनेचं नाव सांगा.

पांढरी_खाण | ८ एप्रिल, १:५०
गौण खनिज आहे का तुमचं? क्वार्ट्झ आता गौणमधून मेजर (प्रमुख खनिज) झालं ना फेब्रुवारीत?

रॉयल्टीची_पावती | ८ एप्रिल, २:१०
२० फेब्रुवारीच्या अधिसूचनेत बॅराइट्स, फेल्डस्पार, अभ्रक आणि क्वार्ट्झ आहेत. सिलिका वाळू त्यात नाही. ती १० फेब्रुवारी २०१५ पासून गौणच. मात्र तुमच्या पट्ट्यावर "क्वार्ट्झ व सिलिका सँड" असं दोन्ही लिहिलं असेल तर आजच कागद काढून बघा, क्वार्ट्झला गौण म्हणून ३० जूनपर्यंतच सवड आहे.

जुना_सेफ्टी_ऑफिसर | ८ एप्रिल, २:४५
खनिजाचं नाव कळलं हे बरं झालं, कारण आता गोष्ट गंभीर आहे. काळ्या पाषाणाच्या खडीत मोकळी सिलिका फारशी नसते. तुमच्याकडे जवळपास सगळी सिलिकाच. मेटॅलिफेरस माईन्स रेग्युलेशन १९६१ (कोळसा-तेल सोडून बाकी खाणींचे सुरक्षा नियम) मधलं १२४ वं कलम बघा: श्वसनीय (फुफ्फुसात पोचणाऱ्या बारीक) धुळीची मर्यादा म्हणजे १५ भागिले त्या धुळीतली सिलिकेची टक्केवारी. ९० टक्के धरली तर घनमीटरला ०.१७ मिलिग्रॅम. ही धूळ डोळ्यांना दिसत नाही. शेडमध्ये उन्हाच्या तिरिपेत जे चमकतं ते बहुतेक जाड कण, नाकातच अडकणारे. फुफ्फुसात जाणारा माल वेगळा.

आणि "आमची खाण सहा मीटरच्या आत आहे, सुरुंग लावत नाही, पन्नासच्या खाली माणसं आहेत, आम्हाला माईन्स अॅक्ट नाही" असं कुणी सांगितलं असेल तर ते डोक्यातून काढा. कलम ३ मधली ती सवलत साध्या वाळूला आहे. काचेची वाळू, मोल्डिंगची वाळू तिथे स्पष्टपणे वगळली आहे.

माणसं किती? कायमची किती, ठेक्याची किती? नमुना ओ (वैद्यकीय तपासणीचा दाखला) भरलेत का?

आंब्याचो_बाटो | ८ एप्रिल, ३:०२
आदी रस्त्यार पाणी मारुक सांगा त्या डंपरवाल्यांका. ताडपत्री नाय, काय नाय. घरातली भांडी पांढरी झाली.

गोणीवाला | ८ एप्रिल, ३:३०
एकूण ३४, पोत्यांवर १४. पोत्यांवरचे सगळे ठेकेदाराचे. नमुना ओ आमच्या माणसांचे आहेत, ठेकेदाराच्यांचं ठेकेदार बघतो. मी अनुदान विचारलंय, इन्स्पेक्शन नाही. आम्ही रॉयल्टीवर डीएमएफचा हिस्सा वेगळा भरतो. पैसे आमचे, मग आम्हालाच का मिळत नाहीत?

जुना_सेफ्टी_ऑफिसर | ८ एप्रिल, ३:४८
ठेकेदाराचं ठेकेदार बघत नाही. माईन्स रूल्स १९५५ च्या २९ब प्रमाणे भरतीच्या वेळी आणि नंतर जास्तीत जास्त पाच वर्षांनी तपासणी, छातीचा मोठा एक्स-रे, फुफ्फुसाची क्षमता चाचणी. हजेरी कुणाच्याही वहीत असो, जबाबदारी खाणमालकाची.

प्रतिष्ठान_अभ्यासक | ८ एप्रिल, सायं. ५:२०
अर्ज का परत आला ते सांगतो. जिल्हा खनिज प्रतिष्ठान २०१५ च्या दुरुस्तीत कलम ९ब ने आलं ते खाणीमुळे बाधित माणसं आणि भाग यांच्यासाठी. हिस्सा भरणाऱ्याला तो परतावा म्हणून मिळत नाही. प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ७० टक्के निधी उच्च प्राधान्याच्या बाबींवर: पिण्याचं पाणी, पर्यावरण, आरोग्य, शिक्षण वगैरे. प्रत्यक्ष बाधित क्षेत्र खाणीपासून १५ किलोमीटरपर्यंत, अप्रत्यक्ष २५ पर्यंत. तुम्ही अर्ज फर्मच्या लेटरहेडवर, एकाच विक्रेत्याच्या कोटेशनसकट दिला असणार. तो तिथेच पडतो.

खडीसम्राट | ८ एप्रिल, ५:४१
चूक. त्याच सूचनांत पर्यावरणाखाली "खाणकामाने होणारं हवा व धूळ प्रदूषण रोखण्याचे उपाय" असं आहे. म्हणजे धूळ यंत्रणा बसते. अपील करा.

प्रतिष्ठान_अभ्यासक | ८ एप्रिल, ६:०५
वाक्य आहे, अर्थ तुम्ही लावताय तो नाही. गावातून जाणाऱ्या वाहतूक रस्त्याचं डांबरीकरण, जुन्या ढिगाऱ्यांवर झाडं, हे त्यात बसतं (आंब्याचो_बाटो, तुमचं काम इथे आहे, ग्रामपंचायतीचा ठराव करा). पट्टेदाराने स्वतःच्या शेडमध्ये कायद्याने करायचंच काम सार्वजनिक निधीतून कुठलीही समिती मंजूर करणार नाही. उद्या ऑडिटला उत्तर कोण देईल?

आंब्याचो_बाटो | ८ एप्रिल, ६:१५
ठराव दोनदा झालो. अंदाजपत्रक कोण करतलो?

प्रतिष्ठान_अभ्यासक | ८ एप्रिल, ६:२२
रस्ता ज्याच्या ताब्यात तो: ग्रामीण रस्ता असेल तर जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग, राज्य किंवा जिल्हा मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभाग. ठरावावर रस्ता क्रमांक आणि किलोमीटर घाला. "गावातला रस्ता" एवढंच लिहिलं की फाईल फिरत राहते.

मँगनीज_मावशी | ८ एप्रिल, रात्री ८:१०
कामगार कल्याण निधी विसरलात सगळे. नागपूरला कल्याण आयुक्तांचं कार्यालय आहे, दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या सगळं आहे.

रॉयल्टीची_पावती | ८ एप्रिल, ८:३४
मावशी, ते कायदे अभ्रक, चुनखडी-डोलोमाइट आणि लोह-मँगनीज-क्रोम यांच्या खाणींपुरते. त्यांचा उपकरही आता बंदच आहे. सिलिका वाळूचा कामगार त्यात येत नाही.

नवउद्योजक_नागपूर | ८ एप्रिल, ९:००
खाण मंत्रालयाची एस अँड टी प्रिझम योजना बघा. स्टार्टअप आणि लघुउद्योगांना अनुदान, नागपूरजवळ वाडीच्या जेएनएआरडीडीसी या अॅल्युमिनियम संशोधन केंद्रातर्फे राबवतात. प्रस्तावाची माहिती मंत्रालयाच्या सत्यभामा पोर्टलवर शोधा.

पांढरी_खाण | ८ एप्रिल, ९:१८
ती नवीन तंत्र विकसित करणाऱ्याला. बाजारातला पंखा आणि बॅग फिल्टर (कापडी पिशव्यांचा धूळ-गाळ) विकत घ्यायला नाही. हो, कोकणातल्या दमट हवेत न चोंदणारा फिल्टर कुणी बनवत असेल तर त्याने जरूर अर्ज करावा.

गोणीवाला | ९ एप्रिल, सकाळी ९:२५
म्हणजे थोडक्यात काहीच नाही? मग लोक अनुदान अनुदान काय म्हणतात?

हवा_आणि_डक्ट | ९ एप्रिल, १०:४०
अनुदानाचं बाकीचे बघतील. मला साडेअकरा लाख पटत नाहीत. पोती भरायची किती तोंडं, धूळ ओढणारा हूड कुठे, पंखा किती हवेचा?

गोणीवाला | ९ एप्रिल, ११:०२
दोन तोंडं. हूड वर, साधारण पाच फुटांवर, छत्रीसारखा. तासाला ६००० घनमीटर, १० एचपी.

हवा_आणि_डक्ट | ९ एप्रिल, ११:५५
वाटलंच. छत्री हूड गरम वाफेला ठीक. पोत्यावर लावला की धूळ खालून वर जाताना भरणाऱ्याच्या नाकासमोरून जाते. पैसे देऊन धूळ त्याच्या तोंडाशी आणायची, असा प्रकार.

हूड पोत्याच्या तोंडाच्या मागे, माणसाच्या समोरच्या बाजूला घ्या. हिशोब: हवा = वेग × (१० × अंतराचा वर्ग + हूडचं क्षेत्रफळ). हूड ५० बाय ४० सेंमी, म्हणजे ०.२ चौ.मी. धूळ उडते तिथे वेग सेकंदाला ०.७५ मीटर धरा. अंतर ३० सेंमी असेल तर एका तोंडाला तासाला सुमारे २९७० घनमीटर लागतात. तेच १५ सेंमीवर आणलं की ११५०. दोन तोंडांचे २३००. तुमच्या कोटेशनच्या निम्म्याहून कमी, आणि काम चांगलं.

डक्टच्या (हवेच्या नळाच्या) फांद्या १५० मिमी, मुख्य डक्ट ८ इंची, म्हणजे वेग सेकंदाला १८ ते २० मीटर राहील. यापेक्षा मोठा डक्ट "पुढे वाढवायला बरा" म्हणून विकतील, घेऊ नका. वेग पडला की वाळू आडव्या डक्टमध्ये बसते आणि सहा महिन्यांत अर्धा डक्ट भरतो. फिल्टरचं कापड ३२ चौ.मी., मोटर ५ एचपी पुरे. फिल्टरची हवा शेडबाहेर सोडा.

जुलैत हमखास काय होतं: कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी येतं, पल्स (पिशवी झटकणारा हवेचा झोत) मारला की पिशवीवर धुळीचा लेप घट्ट बसतो, ओढ कमी होते. रिसीव्हरचा ड्रेन रोज सकाळी उघडायचा, पल्सच्या आधी मॉइश्चर सेपरेटर. फिल्टरवर यू आकाराच्या नळीचा मॅनोमीटर (दाबमापक) लावा, आकडा चढत चालला की कळतं.

आणि फुकटची कामं: वाळू पडायची उंची कमी करा, स्लीव्ह (वाळू सोडणारी नळी) पोत्यात आत जाऊ दे. रिकामी पोती आपटून झटकणं बंद. झाडू बंद. सुट्टीच्या वेळी कॉम्प्रेसरच्या नळीने कपडे झटकतात ते तर आजच बंद करा.

धडधाकट | ९ एप्रिल, दुपारी १२:२०
इतकं करण्यापेक्षा एन-९५ द्या आणि मोकळे व्हा.

जुना_सेफ्टी_ऑफिसर | ९ एप्रिल, १२:३३
त्यांनी पहिल्याच पोस्टमध्ये मास्क नको म्हटलंय. तरी सांगतो: आयएस ९४७३ चा शिक्का आणि एफएफपी२ लिहिलेलं असेल तरच मास्क म्हणा. दाढीवर तो बसतच नाही, कडेने हवा येते. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये आठ तास कुणी लावत नाही. मास्क शेवटचा उपाय.

मरुधर_मराठी | ९ एप्रिल, १:४५
राजस्थानने २०१९ मध्ये न्युमोकोनिओसिसचं (धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजारांचं) धोरण केलं. सिलिकोसिस (त्यातला सिलिकेच्या धुळीचा आजार) प्रमाणित झाला की ३ लाख, मृत्यूनंतर वारसांना २ लाख. खनिज प्रतिष्ठानचा पैसाही त्यात वापरतात. महाराष्ट्रात कुणी मागत का नाही?

खडीसम्राट | ९ एप्रिल, १:५८
पुन्हा मदत रोगी झाल्यावर. यंत्राला का नाही?

प्रतिष्ठान_अभ्यासक | ९ एप्रिल, ३:१०
मूळ प्रश्नाकडे. यंत्रणा स्वखर्चाने, ते विसरा. पण या बाबी मागता येतात. सूचनांत आरोग्याखाली नुसती इमारत नको, कर्मचारी, उपकरणं आणि साहित्यही द्या असं आहे. खाणीशी संबंधित आजारांसाठी राष्ट्रीय खाण कामगार आरोग्य संस्थेचं तज्ज्ञ साह्य घ्या (२०१९ पासून ती अहमदाबादच्या एनआयओएच या व्यावसायिक आरोग्य संस्थेत विलीन आहे), बाधितांसाठी गट आरोग्य विमा काढा, असंही आहे. म्हणजे जवळच्या सरकारी रुग्णालयात डिजिटल एक्स-रे, स्पायरोमीटर (फुफ्फुसाची क्षमता मोजणारं यंत्र), आणि छातीचा एक्स-रे आयएलओ वर्गीकरणाने वाचता येणारा डॉक्टर.

प्रस्ताव तुमचा नको. ग्रामसभेचा ठराव, गाव बाधित यादीत असल्याचा उतारा, बाधितांची संख्या, मग जिल्हा शल्यचिकित्सकांमार्फत प्रस्ताव. निम्मे प्रस्ताव पडतात ते आवर्ती खर्च न दाखवल्याने: यंत्र येतं, तंत्रज्ञाचा पगार आणि स्पायरोमीटरचे माउथपीस कुणी धरलेलेच नसतात. आणि यात सोडून गेलेले कामगार आणि गावकरी घाला. तुमच्या चालू ३४ जणांची २९ब ची तपासणी यात ढकलू नका, ती तुमचीच.

गोणीवाला | ९ एप्रिल, सायं. ६:४०
ठीक. विक्रेत्याला हवा_आणि_डक्ट यांचे आकडे पाठवले, तो आता पाच लाख ऐंशी हजारांवर आला. म्हणतो १५ सेंमीवर हूड ठेवला तर गोणी शिवणाऱ्याला अडेल. आणि धुळीचं माप आधी घ्यायचं की बसवल्यावर?

हवा_आणि_डक्ट | ९ एप्रिल, ७:०५
शिवण दुसऱ्या जागी, तोंडापासून दोन मीटर पुढे घ्या, भरलेली गोणी रोलरवर सरकवा. माप आधीही आणि नंतरही. सायक्लोनवाला (जाड कण बाजूला काढणारा) पर्सनल सॅम्पलर, म्हणजे अंगावरचा धूळमापक, भरणाऱ्याच्या कॉलरला, पूर्ण पाळी. शेडच्या कोपऱ्यात ठेवलेल्या यंत्राचा आकडा घेऊ नका.

मुरूम_भाई | ११ एप्रिल, सकाळी ८:१५
माझी मुरुमाची खाण आहे. मला किती अनुदान मिळेल?

रॉयल्टीची_पावती | ११ एप्रिल, ८:५०
नवीन धागा काढा. जिल्हा, खोली आणि माणसांची संख्या पहिल्याच पोस्टमध्ये लिहा.