थंड लघुग्रहाचा वर्णपट उल्कापाषाणाशी ताडताना तापमानाची दुरुस्ती किती करावी?

प्रश्न (अश्मवेडा): व्हेस्टा या लघुग्रहाचा ०.८ ते २.५ मायक्रॉनचा परावर्तन वर्णपट (परतवलेल्या सूर्यप्रकाशाची तरंगलांबीनुसार विभागणी) मी युक्राइट व डायोजेनाइट उल्कापाषाणांच्या वर्णपटांशी ताडून पाहत आहे. पायरॉक्सीन या खनिजाचे दोन्ही शोषणपट्टे (जेथे ते प्रकाश शोषून घेते ते पट्टे), एक मायक्रॉनच्या जरा अलीकडचा आणि दोन मायक्रॉनच्या आसपासचा, ठळक दिसतात. परंतु उल्कापाषाणांची मोजणी बहुधा खोलीच्या तापमानाला, म्हणजे ३०० केल्विनच्या आसपास होते, आणि व्हेस्टा तर सूर्यापासून सरासरी २.३६ खगोलीय एकक (पृथ्वी-सूर्य अंतराच्या २.३६ पट) दूर, म्हणून बराच थंड आहे. हा फरक सोडून द्यावा इतका किरकोळ आहे का?

उत्तर (क्षितिज): दोन मायक्रॉनच्या पट्ट्यासाठी तो किरकोळ नाही. हे पट्टे स्फटिकातील द्विसंयुजी लोहामुळे उमटतात आणि लोहाभोवतीच्या ऑक्सिजन अणूंच्या मांडणीवर त्यांची जागा ठरते. खनिज थंड झाले की अणूंची कंपने मंदावतात, त्यामुळे पट्टे अरुंद होतात. शिवाय लोह व ऑक्सिजन यांतील अंतर किंचित घटल्याने पायरॉक्सीनच्या दुसऱ्या पट्ट्याचे केंद्र लघु तरंगलांबीकडे सरकते. लोह कमी असलेल्या पायरॉक्सीनचा पट्टाही त्याच बाजूला असतो, म्हणून थंड लघुग्रह आहे त्यापेक्षा लोहाने गरीब भासतो. ऑलिव्हिन या दुसऱ्या खनिजाच्या बाबतीत पट्टा अरुंद होणे हाच मुख्य परिणाम समजावा.

उत्तर (तिसरा प्रहर): वरील खुलाशाला आकड्यांची जोड देतो. प्रचलित सूत्रानुसार ०.०६ मधून केल्विनमधील तापमानाची ०.०००२ पट वजा करावी आणि येणारी संख्या, मायक्रॉनमध्ये, दुसऱ्या पट्ट्याच्या मोजलेल्या केंद्रात मिळवावी. ३०० केल्विनला ती शून्य येते, २०० केल्विनला ०.०२. ही सरक पाहून हसू येईल, पण केंद्रावरून लोहाचे प्रमाण काढणाऱ्या समीकरणात तरंगलांबीला सुमारे २६८ ने गुणले जाते, म्हणजे उत्तरात पाचेक टक्क्यांचा फरक पडतो आणि त्या समीकरणाची स्वतःची अनिश्चितताही पाच टक्केच आहे. पहिल्या पट्ट्याच्या केंद्राला मी सहसा हात लावत नाही. तेथील सरक फारच लहान असते.

प्रश्नकर्ता (अश्मवेडा): आभारी आहे. मात्र सूत्रात तापमान कोणते घालावे? नासाच्या डॉन यानाने व्हेस्टाच्या दिवसाच्या बाजूलाच साधारण १८० ते २७० केल्विन इतकी तफावत नोंदवली होती.

उत्तर (क्षितिज): दुर्बिणीतून संपूर्ण बिंबाचा एकत्रित प्रकाश येत असल्याने सूर्यापासूनचे अंतर व परावर्तकता (पृष्ठभाग किती प्रकाश परतवतो ते प्रमाण) यांवरून काढलेले सरासरी तापमान पुरेसे आहे. ते अंतराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, त्यामुळे वीसेक केल्विन चुकले तरी केंद्र ०.००४ मायक्रॉननेच हलते, म्हणजे लोहाच्या प्रमाणात सुमारे एक टक्का. यानातील उपकरणाच्या माहितीवर काम करणार असाल तर मात्र प्रत्येक चित्रबिंदूचे तापमान स्वतंत्र घ्यावे लागेल. पृथ्वीजवळच्या लघुग्रहांची अडचण उलटी आहे: ते इतके तापलेले असू शकतात की २.५ मायक्रॉनकडे त्यांची स्वतःची उष्णताच परावर्तित प्रकाशात मिसळते, आणि पट्ट्याचे केंद्र मोजण्याआधी ती वजा करावी लागते.