पकडलेल्या नेटवर्क वाहतुकीतील झिप फाइल उघडत नाही

प्रश्न (कोथरूड, पुणे): महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत परवानगीने नोंदवलेल्या पीकॅपमध्ये (पकडलेल्या वाहतुकीच्या नोंद-फाइलमध्ये) एफटीपीने (फाइल पाठवण्याच्या पद्धतीने) गेलेली झिप फाइल आहे. वायरशार्क या वाहतूक तपासण्याच्या साधनातून टीसीपी प्रवाह (एका जोडणीवरून गेलेला सलग डेटा) जतन केला, तरी ती उघडत नाही. काय करावे?

उत्तर: एफटीपीत पोर्ट २१ वरून केवळ आज्ञा जातात, फाइल वेगळ्या जोडणीवरून जाते, तो प्रवाह निवडून ‘रॉ’ (बाइट जसेच्या तसे ठेवणाऱ्या) स्वरूपातच जतन करावा, कारण ‘आस्की’ (साध्या मजकुराच्या) स्वरूपात छापता न येणाऱ्या बाइटांच्या जागी टिंबे येतात आणि झिप निकामी होते.

दुसरे उत्तर: सुरुवातीचे बाइट ५० ४बी ०३ ०४ (झिप फाइलची ओळखखूण) असूनही फाइल उघडली नाही, तर काही पॅकेट निसटली असावीत. अशा वेळी नोंद पुन्हा घेणेच श्रेयस्कर.

प्रश्नकर्ता: ‘रॉ’मुळे झिप उघडली, मनापासून आभार! एचटीटीपीएसलाही हेच चालेल का?

उत्तर: नाही. तेथे डेटा कूटबद्ध असतो, म्हणून तो उलगडणाऱ्या टीएलएस (कूटबद्धीकरणाची पद्धत) सत्राच्या किल्ल्या आधीच नोंदवलेल्या असाव्या लागतात.