मदत हवी आहे: मोठा भाऊ म्हणतो दिल्लीहून बोलावणं आलंय, कसं पटवायचं?

बुधवारपेठ्या: लवकर सांगा, घरात रोज तमाशा चाललाय. दादा म्हणतो त्याने निम्म्या विजेवर चालणारा माग शोधलाय आणि दिल्लीची माणसं गाडी घेऊन त्याला न्यायला येणार आहेत. वहिनीची पाटली मोडून एमआयडीसीतल्या प्लॉटसाठी एजंटला ४० हजार टोकन देऊन आला. विचारलं की म्हणतो, तुम्ही सगळे कारखानदाराला फितूर. वहिनीच्या हातचं खात नाही. केळी आणि उकडलेली अंडी, तीही स्वतः सोलून. मागाचे कागद पिठाच्या डब्यात लपवलेत. माझा प्रश्न एवढाच: हे खोटं आहे हे त्याला पटवायचं कसं?

होटगीरोड: वय काय? कधीपासून? दारू, गांजा? झोपतो का?

बुधवारपेठ्या: वय ३६. दारू नाही. झोपेचा इथे काय संबंध? प्रश्न नीट वाचा की ओ.

जुना_मुकादम: आधी मला सांग, माग कोणी बघितला का? वेड्यात काढायच्या आधी बघा तरी. पेटंटचा तात्पुरता अर्ज आधी टाकता येतो, पूर्ण तपशील १२ महिन्यांत दिला तरी चालतो. शटलचा माग आहे की रेपियर?

बुधवारपेठ्या: काका, तो कारखान्यात हिशेब लिहितो. माग त्याने कधी चालवलेला नाही. कागदावर नुसते बाण आणि देवांची नावं आहेत.

निशिगंध: पटवायला जाऊ नकोस. माझ्या बहिणीच्या वेळी आम्ही वर्षभर पुरावे दाखवत बसलो. प्रत्येक पुराव्यागणिक आम्हीच कटात सामील ठरलो. भ्रमाचं तेच तर आहे, पुराव्याने तो हलत नाही. आणि मोठेपणा न् संशय हातात हात घालून येतात: मी एवढा मोठा, म्हणजे लोक माझ्या मागावर असणारच. तू फक्त म्हण, ‘दादा, तुला भीती वाटतेय, दिसतंय मला.’ हो म्हणू नको, नाहीही म्हणू नको.

अक्कलकोट_वारी: गुरुवारी स्वामींच्या दर्शनाला न्या. आमच्या शेजारच्या मुलाला फरक पडला.

होटगीरोड: न्या की, कोण अडवतंय. पण डॉक्टर झाल्यावर.

अक्कलकोट_वारी: मी डॉक्टर नको कुठं म्हटलं?

थेंबवाला: सोपा उपाय. औषधाचे बिनवासाचे थेंब मिळतात, चहात टाका. मेव्हण्याला सहा महिने दिले, कळलंसुद्धा नाही.

निशिगंध: अहो, ज्याला वाटतंय की जेवणात काहीतरी कालवतात, त्याच्या चहात खरोखरच कालवायचं? एकदा पकडलं की त्याचा संशय खरा ठरला. मग डॉक्टर, वहिनी, भाऊ, कोणावरच विश्वास नाही. डोस किती, अंग ताठ झालं का, रक्त तपासलं का, हे कोण बघणार?

थेंबवाला: तुमचं पुस्तकी आहे. माझा मेव्हणा आज कामावर जातो.

कडक_भाकरी: बंद पाकिटातलं खातो का? शेंगाचटणीचं सीलबंद पाकीट देऊन बघा.

जुना_मुकादम: पाकिटातली चटणी ती चटणी नाही बे. उखळातली आण.

होटगीरोड: धागा कुठं चाललाय! बुधवारपेठ्या, झोपेचं सांग. शिवाय आधी कधी उदास वगैरे होता का? सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत?

बुधवारपेठ्या: रात्री दोनच तास झोपतो, तरी सकाळी ताजातवाना. बोलतो इतकं भरभर की मधे शब्द टाकता येत नाही. तीन आठवडे झाले. त्याआधी दोन महिने उलट, पांघरूण घेऊन पडून असायचा, कामावर जाईना. ओळखीच्या डॉक्टरांनी उदासीवरची गोळी दिली, त्याने बरा झाला. म्हणून लिहिलं नाही.

रात्रपाळी_सिस्टर: अरे, हेच तर पहिल्या ओळीत लिहायचं होतं! मी मनोविकार वॉर्डात नोकरी केलीय. निदान डॉक्टर करतील, मी नाही. पण आधी उदासी, मग झोप न लागताही न दमणं, उधळपट्टी, भरभर बोलणं, हे बायपोलरच्या (उदासी आणि अतिउत्साह अशा दोन टोकांच्या आजाराच्या) मेनियासारखं, म्हणजे अतिउत्साहाच्या टप्प्यासारखं दिसतं. बायपोलर असताना नुसती उदासीवरची गोळी चालू केली तर ती कधी कधी माणसाला उलट्या टोकाला नेते. गोळीचं पाकीट घेऊन आजच्या आज मनोविकारतज्ज्ञाकडे जा. थायरॉइडही बघतात. दम्यासाठी किंवा अंगदुखीसाठी स्टेरॉइड घेतोय का, तेही सांग. स्किझोफ्रेनियात किंवा नुसत्या भ्रमाच्या आजारात चित्र वेगळं असतं, उपचारही थोडे वेगळे.

प्लॉट_नं_९: पोलिसांना सांगून येरवड्याच्या मनोरुग्णालयात पाठवा.

रात्रपाळी_सिस्टर: असं उचलून टाकता येत नाही. मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्यात कलम ८९ आहे. त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा (बहुधा घरच्याचाच) अर्ज लागतो, दोघांनी स्वतंत्र तपासायचं, त्यात एक मनोविकारतज्ज्ञ. तेही जास्तीत जास्त ३० दिवस. अंगावर धावून आला किंवा जिवाचं काही बोलला तर मात्र थांबू नका. रात्री-अपरात्री १४४१६ वर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, मराठीत बोलतात.

बुधवारपेठ्या: तो येणारच नाही की. ‘मला काय झालंय’ म्हणेल.

निशिगंध: भ्रमाचं नावच काढू नको. झोपेचं काढ. झोप नाही हे त्यालाही खोटं म्हणता येणार नाही.

बुधवारपेठ्या: (दोन दिवसांनी) आला. मी म्हटलं, दिल्लीला जायचं तर डोकं शांत पाहिजे, आणि तू तर झोपतच नाहीस. नंतर आठवलं, हो म्हणू नको म्हटलं होतं. सिव्हिलला गेलो. कागदांची पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. डॉक्टरांनी मागाबद्दल काहीच वाद घातला नाही, झोपेचं विचारत राहिले. मग तो आपणहून म्हणाला, डोकं बंदच होत नाही. जुनी गोळी बंद केली, नवीन दिल्यात, रक्त घेतलं, शुक्रवारी परत बोलावलंय. गोळी पाकिटातून तो स्वतः फोडून घेतो.

जुना_मुकादम: चांगलं केलंस. ते कागद टाकून देऊ नका हां, एकदा बघतो.

बुधवारपेठ्या: कागद राहू द्या काका. एजंट टोकन परत देईना, म्हणतो पावतीवर सही आहे. आजारपणातल्या सहीचं काही करता येतं का?