मदत हवी आहे: २४० लिटरच्या रीफ (समुद्री प्रवाळांच्या) टाकीत मँडरिन मासा जगेल का?

नमस्कार मंडळी. मँडरिन ड्रॅगोनेट घ्यावा की नाही, हे ठरत नाहीये. टाकी २४० लिटरची, वर्षाहून जास्त चाललेली, लाइव्ह रॉक (सूक्ष्मजीव वसलेला समुद्री खडक) २५ किलो. सम्पमध्ये (जोड टाकीत) ३० लिटरचं रेफ्युजियम, म्हणजे बारीक जीव वाढायचा सुरक्षित कप्पा, त्यात कीटो शेवाळ. विशिष्ट गुरुत्व १.०२५, तापमान २५-२६ अंश, नायट्रेट ५ पीपीएम.

खरी अडचण अन्नाची. हा मासा दिवसभर खडकावरचे कोपेपॉड (पॉड, म्हणजे बारीक कवचधारी जीव) एकेक करून टिपतो; वाढीपेक्षा फडशा जास्त झाला की महिना-दोन महिन्यांत उपासमार सुरू. रात्री टॉर्च मारला की काचेवर पांढरे ठिपके भरपूर पळताना दिसतात, पण टाकीत सिक्सलाइन रॅस हा मासाही आहे आणि तोही पॉडच खातो. त्याला सापळा लावून आधी बाहेर काढावं का? माझं मत काढावं असंच आहे, तरी अनुभवी लोकांकडून ऐकायचंय.

दुकानातल्या नराचं पोट छातीच्या परांमागे किंचित खपाटीला गेलंय. फ्रोझन मायसिस (गोठवलेले झिंग्यासारखे बारीक जीव) समोर टाकलं तर तो नुसता बघतो, टिपत नाही. असा मासा सावरतो का, की सरळ सोडून द्यावा?

आणखी तीन गोष्टी. टिस्बे जातीच्या पॉडचं कल्चर बादलीत फायटोवर (सूक्ष्म शेवाळावर) वाढवून दर आठवड्याला सोडलं तर पुरेल का? फिल्टर सॉकमध्ये (पाणी गाळायच्या कापडी पिशवीत) पॉड अडकतात, म्हणून तो कायमचा काढावा का? आणि नवा मासा आधी वेगळा ठेवायच्या रिकाम्या क्वारंटाइन टाकीत मँडरिन उपाशी राहणार, मग तुम्ही याचं क्वारंटाइन कसं करता?