मदत हवी आहे: सायकलमागे लागणाऱ्या कुत्र्यांपासून पोराला कसं सांभाळायचं?

नमस्कार मंडळी. आम्ही साताऱ्यात, गोडोलीकडे राहतो. मुलगा ७ वर्षांचा. गेल्या रविवारी तो चिकनच्या गाडीपाशी सायकल वळवत होता, तोच तीन-चार कुत्री मागे लागली. घाबरून त्यानं पाय वर घेतले, सायकल आडवी झाली आणि एकानं पोटरी धरली. पँट फाटली नाही, पण आत दाताचे दोन लाल ठिपके, एकातून रक्त.

लगेच नळाखाली साबणानं १५ मिनिटं जखम धुतली (सासूबाई हळद घेऊन आल्या होत्या, त्यांना थांबवलं) आणि सरकारी दवाखाना गाठला. रक्त आल्यामुळे रेबीजच्या लसीबरोबर जखमेत सीरमही (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन) दिलं. पुढचे डोस चालू आहेत.

अडचण पुढेच आहे. आता कुत्रं दिसलं की पोरगं पळतं, आणि पळालं की ती हमखास मागे येतात. "झाडासारखा उभा राहा, डोळ्यात बघू नको" हे घरात छान जमतं, रस्त्यावर नाही. कुणी असा सराव करून घेतलाय का? कसा?

दुसरं, गल्लीतल्या एक काकू मुलं खेळतात तिथंच कुत्र्यांना दूधभात घालतात. २०२३ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे ती जागा मुलांच्या खेळण्यापासून लांब हवी. काकू प्रेमळ आहेत हो, पण चटकन दुखावतात. कसं सांगू?

नसबंदी-लसीकरणासाठी नगरपालिकेला कुणी अर्ज दिला असेल तर मजकूर पाठवा. "विष घाला"वाले सल्ले मात्र नकोत.