वीज केंद्र सरकारकडे द्या म्हणणाऱ्यांनो, विजेच्या टॉवरला जागा कोण मिळवून देणार?

ऐरोलीकर:
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा जुनाच वाद निघाला. वीज समवर्ती सूचीतून (केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात त्या विषयांच्या यादीतून) काढा आणि सगळी केंद्राच्या हवाली करा, राज्यांना बिलमाफीपलीकडे काही जमत नाही, असा एकूण सूर. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा.

12 ऑक्टोबर 2020 आठवतोय? सोमवार, सकाळी दहाची वेळ. मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम ठप्प. लोकल रुळावर उभ्या, करोनाचे दिवस असल्याने रुग्णालयं जनरेटरवर. गंमत म्हणजे त्या दिवशी देशात विजेचा तुटवडा नव्हता. मुंबईकडे येणाऱ्या कळवा-पडघा आणि खारघरच्या बाजूच्या 400 केव्हीच्या (चार लाख व्होल्टच्या) लाईन एकामागून एक गेल्या. शहराची मागणी अडीच हजार मेगावॅटच्या घरात, आतली निर्मिती त्यामानाने तोकडी. बाहेरचं ग्रिड, म्हणजे वीज वाहून आणणारं जाळं, कोसळलं की मुंबईने स्वतःला तोडून घ्यायचं आणि ट्रॉम्बे, डहाणू, टाटांची जलविद्युत यांवर तग धरायचा, ही ‘आयलँडिंग’ची सोय चाळीस वर्षं जुनी. तीच नेमकी त्या दिवशी उपयोगी पडली नाही. नंतर सायबर हल्ला की माणसाची चूक यावरून राज्य आणि केंद्र यांची जुंपली ती वेगळीच.

आता मुद्दा. खारघर-विक्रोळी ही 400 केव्हीची लाईन तेव्हा असती तर मुंबईला आणखी एक दार मिळालं असतं. ती वर्षानुवर्षं कागदावरच होती आणि सुरू झाली ऑक्टोबर 2023 मध्ये. अडलं कुठे? खाडी, खारफुटी, वनजमीन, विक्रोळीत उपकेंद्राला जागा. हे तिढे जिल्हाधिकारी, वनखातं आणि महापालिकेच्या टेबलांवर सुटतात. त्यांना एका खोलीत बसवण्याची ताकद राज्य सरकारचीच. दिल्ली फार तर पत्र पाठवेल.

स्पष्टवक्ता_नागपूर:
म्हणजे राज्याने वर्षानुवर्षं झोपा काढल्या, हे तुम्हीच सिद्ध केलंत आणि वर त्यालाच अधिकार द्या म्हणताय!

दाभोळचा वीज प्रकल्प विसरलात का? 1992 मध्ये राज्याच्या एका सरकारने एन्रॉन या अमेरिकी कंपनीशी बोलणी पक्की केली, 1995 मध्ये दुसऱ्याने प्रकल्प रद्द केला, मग त्यांनीच पुन्हा करार केला आणि 2001 मध्ये सगळं बंद पडलं. याला नियोजन म्हणायचं? उलट देशाचं एक ग्रिड झालं ते 31 डिसेंबर 2013 ला, सोलापूर-रायचूर 765 केव्ही लाईनने दक्षिण जोडली तेव्हा. काम पॉवरग्रिडचं, म्हणजे केंद्राचं.

आणि आमच्या विदर्भाचं काय? कोळसा आमचा, पाणी आमचं, गच्चीवर कुरड्या वाळत घातल्या तर संध्याकाळी त्यांवर औष्णिक वीज केंद्रांच्या राखेचा थर. वीज जाते पुण्या-मुंबईला. हे नियोजन मुंबईतच झालं ना?

बांधावरचा:
राखेचं दुःख खरं आहे दादा. पण शेतीची वीज दिल्लीकडे गेली तर आमचं कोण ऐकणार?

आमच्याकडे (संगमनेरच्या बाजूला) वर्षानुवर्षं आठवड्यातले काही दिवस दिवसा लाईट, काही दिवस रात्री. रात्रपाळी असली की मोटारीला ऑटोस्विच (लाईट आली की मोटार आपोआप चालू करणारा) लावून झोपायचं. फेज गेली की तो बंद पडतो, मग दीड वाजता बॅटरी घेऊन उसातून विहिरीकडे. त्या उसात बिबट्या असतो, हे मी नव्याने सांगायला नको. आता गायरानावर सौर प्रकल्प बसला, आमचा फीडर (शेतीला वीज देणारी वाहिनी) त्यावर गेला. दिवसा पाणी भरून संध्याकाळी घरी. सौर कृषी वाहिनी ही राज्याची योजना, 2017 ची. तिच्या दुसऱ्या टप्प्याचं, 2.0 चं, लक्ष्य 16,000 मेगावॅट. कुठल्या गावात गायरान रिकामं आहे आणि कोणतं उपकेंद्र जवळ पडतं, हे तलाठी-ग्रामपंचायतीशिवाय कसं कळणार?

मात्र राज्याची बाजू घेतो म्हणून सगळं गोड नाही. साडेसात एचपीपर्यंत बिल माफ केलं, छान. पण डीपी (गावातलं रोहित्र, ट्रान्सफॉर्मर) जळाली की आजही वर्गणी काढून ट्रॅक्टरने आम्हीच रोहित्र आणायचं. बिलाला पैसे आहेत, रोहित्र वाहून आणायला नाहीत.

स्पष्टवक्ता_नागपूर:
@बांधावरचा, शेवटची दोन वाक्यं तुम्ही माझ्याच बाजूने लिहिलीत, धन्यवाद. 😄 निवडणूक बिलावर जिंकता येते, रोहित्रावर नाही.

दापोलीची_माई:
मोठमोठ्या लाईनींचं बोलताय, मी खांबांचं बोलते. 3 जून 2020, निसर्ग चक्रीवादळ. आमच्या वाडीत एकही खांब सरळ उभा नव्हता. तारांवर माड, माडांवर पत्रे. जुलै लागला तरी काळोखच. बाहेरच्या जिल्ह्यांतून वायरमन आले. बिचारे शाळेत झोपायचे आणि आमच्याकडे भात-आमटी जेवायचे. भर पावसात चिखलातून खांब ओढायला गावची पोरं लागली, कारण गाडी तिथवर जातच नव्हती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते.

दिल्ली की मुंबई, याने मला फरक पडत नाही. किनाऱ्यालगत तारा जमिनीखालून न्या आणि खांबांचा साठा वादळाआधी तालुक्यात आणून ठेवा. वादळ गेल्यावर निविदा काढू नका.

ऐरोलीकर:
माई, हेच म्हणतोय मी. तुमच्या तालुक्यात किती खांब लागतील हे दिल्लीला कसं कळणार?

@नागपूर, दाभोळ मान्य, त्याचा बचाव करत नाही. पण केंद्राचं कौतुक करताना जुलै 2012 पण घ्या. 30 तारखेला उत्तर ग्रिड गेलं, 31 ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य तिन्ही. साठ कोटींहून जास्त लोक अंधारात. काही राज्यं जास्त वीज ओढत होती, खरं. पण बीना-ग्वाल्हेरची जी लाईन तुटली ती केंद्राची, आणि तिची जोडलाईन कामासाठी बंद ठेवलेली. महाराष्ट्रात दिवे चालू होते.

स्पष्टवक्ता_नागपूर:
ठीक, एक गुण तुम्हाला.

आता पुढचं बोला. शेतीची मागणी दिवसा सौरवर नेलीत, उत्तम. साडेसहाला सूर्य गेला की काय? शहरात एसी तेव्हाच लागतात. तुमची भिस्त कोयनेच्या जलविद्युत प्रकल्पावर. 1,960 मेगावॅट, पण कृष्णा पाणी लवादाने वीजनिर्मितीसाठी वर्षाला पश्चिमेकडे 67.5 टीएमसीच (अब्ज घनफूट) पाणी वळवायला दिलंय. मार्चपासून ते मोजून मोजून सोडायचं. पाणी वर चढवून साठवणारं घाटघर आहे 2008 पासून, अवघं 250 मेगावॅट. महावितरणची मागणी पंचवीस हजारांवर गेली आहे. सौरची घोषणा झाली, फीत कापली, पण साठवणुकीचं राज्याने काय केलं?

ऐरोलीकर:
करार बरेच झालेत.

स्पष्टवक्ता_नागपूर:
करार तर दाभोळचेही झाले होते. घाटघरनंतर राज्याच्या कंपनीने स्वतः उभारलेला आणि आज चालू असलेला साठवणुकीचा एक प्रकल्प सांगा. मी धाग्यावर लक्ष ठेवून आहे.