शाळेच्या झेरॉक्स मशीनमधे बाहेरची स्वस्त हार्ड डिस्क लावली तं चालते काय?

शाळेचा_बाबू
नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्याच्या शाळेत लिपिक आहे. ऑफिसात सेकंडहँड घेतलेली मोठी झेरॉक्स मशीन आहे, ए३ वाली, स्कॅनर आणि नेटवर्क दोन्ही आहे. मागच्या आठवड्यात मेकॅनिकनं मागचा पत्रा खोलला तं आतमधे हार्ड डिस्कची जागा रिकामी, केबल तशीच लोंबकळून राहिली. स्क्रीनवर फाइल साठवायचं बटन दिसते पण फिक्कं, दाबलं तं काही होत नाई.

कायले पाहिजे ते सांगतो. आमच्याकडे १९४१ पासूनचे दाखल-खारीज रजिस्टर आहेत, १४ नग. जातीच्या दाखल्यासाठी अन् व्हॅलिडिटीसाठी लोकायले आज्या-पणज्याची नोंद लागते, एससीवाल्यायले १० ऑगस्ट १९५० च्या आधीची, विमुक्त-भटक्यायले २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीची, ओबीसीवाल्यायले १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीची, म्हणजे जे रजिस्टर सगळ्यात जास्त कुजले तेच रोज कपाटातून निघतात. मागच्या महिन्यात एका पानाचा कोपरा माह्याच हातानं तुटला, त्याच्यावर कोणाच्या तरी आज्याचं नाव होतं. दोन दिवस जेवण गोड लागलं नाई.

म्हणून वाटलं सगळं स्कॅन करून मशीनमधेच ठेवावं, नाव दाबलं की प्रिंट. कंपनीच्या किटचा भाव साध्या डिस्कच्या चौपट सांगून राहिले. ऑनलाइन लॅपटॉपची १ टीबीची डिस्क घेऊन लावली तं चालन काय? मुख्याध्यापक सर म्हणतात मशीन बिघडली तं कोण भरून देईन.

टोनर_ड्रम_अमरावती
बाबूजी, वीस वर्षं झाली हेच काम करतो, सरळ सांगतो. डिस्क आतली साधी साटाच (आजकालची नेहमीची जोडणी) असते, लॅपटॉपच्या मापाची, फार जुनी मशीन असंन तं आयडीई (जुन्या रुंद केबलची). पण मशीनच्या दोन जाती असतात. एकीत डिस्क म्हणजे फक्त गोदाम, कोरी डिस्क लावली आणि सर्व्हिस मोडमधे (मेकॅनिकच्या मेनूत) जाऊन फॉरमॅट मारला की चालू, रिकोच्या बऱ्याच मॉडेलले ५-८३२ नंबरचा पर्याय त्याच्यासाठीच आहे. दुसऱ्या जातीत मशीनचं सगळं डोकंच डिस्कवर राहते, कॅननच्या जुन्या इमेजरनरमधे असंच, तिथं कोरी डिस्क लावली की ई६०२ हा डिस्कच्या बिघाडाचा कोड दाखवून मशीन थांबते आणि लॅपटॉप जोडून पूर्ण सॉफ्टवेअर नव्यानं टाकावं लागते. तुमची बिना डिस्कची चालू आहे म्हणजे पहिल्या जातीची, हे तुमचं नशीब.

जागा रिकामी काऊन आहे ते पण सांगतो. मोठी ऑफिसं मशीन विकताना डिस्क काढून घेतात, आत त्यांचे कागद असतात ना. केबल शिल्लक आहे म्हणजे आधी डिस्क होतीच, म्हणून लागायची शक्यता चांगली आहे. पण १ टीबी कशाले, मशीन आपल्याले लागते तेवढीच जागा वापरते, बाकी पडून राहते. लावायचीच असंन तं दिवसरात्र चालाले बनवलेली डिस्क पाहा.

आता खरी अडचण. ती लाइनीची आहे. लाइट गेली की डिस्क लिहिता लिहिता बंद पडते आणि असं दहा वेळा झालं की एक दिवस फाइलची यादीच उघडत नाई. संगणकाच्या लहान यूपीएसवर ही मशीन चालत नाई हो, फ्यूजर (टोनर तापवून कागदावर पक्का करणारा भाग) गरम व्हाले हजार-दीड हजार वॅट घेते, यूपीएस बसून जाते. वरून मे महिन्यात खोलीच ४५ डिग्री आणि बाजूले फ्यूजर. मी दर उन्हाळ्यात अशा डिस्का काढतो. त्याच्यात तुमच्या गावाच्या आज्या-पणज्याच्या नोंदी ठेवू नका, एवढं मनापासून सांगतो.

वाचनालयवाली_वर्धा
बाबूजी, आधी हिशोब करा, तुम्हाला एवढी जागा लागतच नाहीये. आम्ही वाचनालयातल्या जुन्या वह्या ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) रंगीत स्कॅन केल्या, ए४ चं पान साधारण १ एमबी, ए३ चं दोन. तुमचे १४ रजिस्टर, प्रत्येकी दोनशे पानं धरली तर २८०० पानं, सगळं ए३ धरलं तरी ६ जीबीच्या आत. ३२ जीबीचा चांगला पेन ड्राइव्ह पुरतो आणि मशीनच्या समोर यूएसबीचं भोक असेल तर थेट त्याच्यावर स्कॅन होतं.

पण ६४ जीबीचा घेऊ नका, तो एक्सफॅट नावाच्या फॉरमॅटमधे येतो आणि जुन्या मशीनला फक्त फॅट३२ हा जुना फॉरमॅट कळतो, मग ड्राइव्ह लावूनही मशीन ढिम्म राहते आणि माणसाला वाटतं पोर्टच मेलाय, आमचे चार दिवस असेच गेले. आणि ऑनलाइन ते ४९९ ला दोन टीबीवाले मिळतात ना ते खोटे असतात, आत जागा थोडीशीच, फाइल कॉपी झालेली दिसते आणि उघडायला गेलं की फुटलेली. कुठलाही नवा ड्राइव्ह आला की एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवून पूर्ण भरून तपासा, मगच त्यावर काम ठेवा.

आणि रजिस्टर काचेवर उलटं दाबू नका. पाठ मोडते, शिवण सुटते. ज्यांची पानं कोपऱ्याला चुरतात ते उघडे ठेवून वरून मोबाइलनं फोटो काढा, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद. वरून कागद टाकायच्या ट्रेमधून तर जुनं पान चुकूनही घालू नका.

नेट_का_चलत_नाही
वरच्या ताईंशी सहमत, फक्त पेन ड्राइव्ह हरवतो, शाळेच्या संगणकावर फोल्डर शेअर करा आणि मशीनवरून तिथं स्कॅन पाठवा. पण जुनी मशीन एसएमबी-१ (फोल्डर शेअर करायची जुनी पद्धत) बोलते आणि विंडोज १० मधे २०१७ च्या शेवटच्या अपडेटपासून ते मुळातच घातलेलं नसतं, म्हणून 'कनेक्शन फेल' येतं. लोक सांगतील की एसएमबी-१ चालू करून टाका, करू नका, मे २०१७ मधे वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच रस्त्यानं पसरला होता. संगणकावर फाइलझिला सर्व्हर टाका आणि मशीनमधे एफटीपीचा (नेटवर्कवरून फाइल पाठवायची दुसरी पद्धत) पत्ता द्या, ते फुकट आहे आणि फक्त शाळेच्या आतल्या नेटवर्कवर ठेवायचं, बाहेर उघडायचं नाही.

टोनर_ड्रम_अमरावती
हे बरोबर. अजून एक राहिलं, काही मशीनवर साठवलेली फाइल तीन दिवसांनी आपोआप उडते, सेटिंग बदलेपर्यंत. आणि मशीनचा बोर्ड जळला तं ती डिस्क काढून संगणकाले लावली तरी वाचता येत नाई, तिची मांडणीच वेगळी राहते.

कागदपत्र_जपा
एक विनंती. कोणीही मशीन विकताना किंवा भाड्याची परत करताना डिस्क पुसल्याशिवाय देऊ नका. अमेरिकेत एका आरोग्य विमा योजनेनं भाड्याचे कॉपिअर तसेच परत केले, आत ३,४४,५७९ लोकांची माहिती राहिली असावी असं त्यांनीच कळवलं आणि २०१३ मधे १२ लाख १५ हजार ७८० डॉलर भरावे लागले. आपल्याकडं तर प्रत्येक झेरॉक्सवर आधार, सातबारा आणि बँक पासबुक जातं.

शाळेचा_बाबू
सगळ्यायचे आभार. सरांले हा धागा दाखवला. मशीनमधे डिस्क लावायची नाई असं ठरलं, दोन ३२ जीबीचे पेन ड्राइव्ह आणि एक बाहेरची डिस्क घेतो, एक प्रत शाळेत, एक सरांच्या घरी, एक तालुक्याले केंद्रप्रमुखाकडं ठेवता येते काय ते विचारतो. १९४१ ते ५० चे तीन रजिस्टर आधी, ते मोबाइलनं. फाइलचं नाव कसं ठेवावं?

वाचनालयवाली_वर्धा
विद्यार्थ्याचं नाव फाइलला देऊ नका, एका पानावर वीस-पंचवीस नावं असतात. वर्ष, रजिस्टर नंबर, पान नंबर, या क्रमानं, आणि पान नंबरला तीन आकडे ठेवा, ००१, ००२ असे, नाहीतर यादीत दहानंतर दोन येतं. नावांची यादी वेगळी एक्सेलमधे करा, नाव, वडलांचं नाव, जन्मतारीख, दाखल क्रमांक, पान. ते काम वेळखाऊ आहे, रोज दहा पानं धरा.